जत्रा, उद्यान आणि कुटुंबाचें खाणें

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जण मनांत हंसतील. जत्रेंत किंवा मनोरंजनाच्या उद्यानांत गेल्यावर काय खावें, कोठें खावें आणि किती पैशांत खावें, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असें त्यांस वाटेल. पण ज्यानें बायकामुलांसह असा एक दिवस काढला आहे, त्यास ठाऊक आहे कीं, प्रवासाचा आणि प्रवेशाचा खर्च घरून निघतांनाच ठरलेला असतो. अंदाज चुकतो तो खाण्यापिण्याचाच. आणि अंदाज चुकला म्हणजे त्याची भरपाई कोणाच्या पोटांतून होते, हेंही आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. मुलांच्या हातांत आइसक्रीम असतें, वडिलांच्या हातांत चहाचा पेला असतो, आजीसाठीं केळीं घेतलेलीं असतात, आणि घरची बाई म्हणते, "मला कांहीं नको, मला भूकच नाहीं." पहांटे चार वाजतां उठून सर्वांचें आवरून निघालेल्या माणसाला दुपारीं दोन वाजतां भूक नसते, हें संभवत नाहीं. तिला भूक असते. पण तिनें मनांतल्या मनांत हिशेब केलेला असतो. हा हिशेब आपण सर्वांनीं मिळून घरीं, निघण्यापूर्वीं करावा, म्हणजे तिला तो उपाशीपोटीं एकटीनें करावा लागणार नाहीं, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम ठिकाणांचा विचार करूं. आमच्या हिंगोलीकडील कुटुंबांस दोन प्रकारचीं आनंदस्थळें परिचयाचीं आहेत. पहिला प्रकार खुल्या जत्रेचा. हिंगोलीच्या सार्वजनिक दसऱ्याची परंपरा दीडशें वर्षांहून जुनी आहे. त्या दिवसांत रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतें, आकाशपाळणे उभे राहतात आणि रावणदहनाच्या संध्याकाळीं आसपासच्या खेड्यांतून माणसांची रीघ लागते. औंढ्यास महाशिवरात्रीला नागनाथाची यात्रा भरते. या ठिकाणांस कुंपण नसतें. एका दुकानाचा भाव पटला नाहीं, तर माणूस दहा पावलें चालून दुसऱ्या दुकानीं जातो.

दुसरा प्रकार कुंपणांतील उद्यानाचा. यासच हल्लीं थीम पार्क म्हणतात. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील अ‍ॅनाहाइम या गांवीं १९५५ च्या जुलै महिन्यांत वॉल्ट डिझ्नी यांचें डिझ्नीलँड उघडलें, आणि तोच नमुना पुढें जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रांत मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड सुरू झालें. तें २०२२ सालीं बंद पडलें. रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ इमॅजिका हें मोठें उद्यान २०१३ पासून चालू आहे. हिंगोलीहून तेथें जावयाचें म्हणजे रात्रभराचा प्रवास. सामान्य नोकरदार कुटुंबाच्या वांट्यास असा दिवस वर्षादोन वर्षांतून एकदां, कित्येकांस जन्मांत एकदांच येतो. म्हणून तो दिवस खाण्याच्या कुरबुरींत जाऊं नये, ही काळजी साधी नव्हे.

आतां या ठिकाणीं खाणें महाग कां असतें, तें पाहूं. कारण कारण समजल्याशिवाय उपाय सांपडत नाहीं. जत्रेंतील दुकानदार आठदहा दिवसांपुरती जागा घेतो. जागेचें भाडें, मंडप, वीज, सामानाची नेआण, मदतनिसांची मजुरी हा सारा खर्च त्याला त्या थोड्या दिवसांतच काढावयाचा असतो. त्यांत एखादे दिवशीं पाऊस आला कीं मळलेलें पीठ आणि चिरलेली भाजी वायां जाते. तेव्हां गांवांतल्या दुकानापेक्षां त्याचा भाव कांहींसा चढा असणें स्वाभाविक आहे. पण त्याच्या शेजारीं तसलींच दहा दुकानें असतात, आणि तीं दहा दुकानें त्याच्या भावाला लगाम घालतात.

कुंपणाच्या आंत हा लगाम नसतो. १९७१ सालीं वॉल्टर ओइ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें डिझ्नीलँडचेंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आजही परिचित आहे. त्यांतील प्रश्न असा कीं, उद्यानाच्या मालकानें फाटकावर जास्त पैसे घेऊन आंतील पाळणे स्वस्त ठेवावे, कीं फाटकावर थोडे घेऊन प्रत्येक पाळण्याला वेगळे घ्यावे? त्या काळीं डिझ्नीलँडमध्यें प्रवेशाचे पैसे वेगळे असत आणि प्रत्येक खेळासाठीं पुस्तिकेंतील कूपन फाडून द्यावें लागे. ती कूपनांची पद्धत १९८२ सालीं बंद झाली, आणि आतां अशा बहुतेक उद्यानांत एकाच तिकिटांत बहुतेक खेळ मिळतात. याचा आपल्या दृष्टीनें अर्थ असा कीं, फाटक ओलांडल्यावर पैशाची पिशवी उघडण्याचें मुख्य ठिकाण एकच उरतें, आणि तें म्हणजे उपाहारगृह. बाहेर जाऊन खावें तर वेळ मोडतो. आंत खावें तर विक्रेता एकच. तेव्हां आंत आपण जे जास्त पैसे देतों ते खाण्याचे नसून कुंपणाचे असतात.

हें लक्षांत आलें म्हणजे एक उपयुक्त गोष्ट कळते. कुंपणाचा कर सर्व पदार्थांवर सारखा बसत नाहीं. समजा, बाहेर दहा रुपयांस मिळणारा चहा आंत पन्नास रुपयांस आहे, वीस रुपयांचा वडापाव साठ रुपयांस आहे, आणि एकशें वीस रुपयांची साधी थाळी अडीचशें रुपयांस आहे. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत; पण त्यांचें प्रमाण पहा. चहा पांचपट झाला, वडापाव तिप्पट झाला, थाळी जेमतेम दुप्पट झाली. ज्या पदार्थांत मूळचा माल थोडा, त्यांत कुंपणाचा वांटा मोठा. चहा, गोड पेयें, बर्फाचा गोळा, मक्याच्या लाह्या, म्हातारीचे केस या साऱ्यांत पाणी, हवा आणि साखर यांखेरीज फारसें कांहीं नसतें. उलट ज्यांत धान्य, डाळ, तेल, इंधन आणि माणसाचे श्रम खरोखर ओतलेले असतात, त्याची किंमत कितीही ताणली तरी फार पट ताणत नाहीं. म्हणून नियम असा: हलकेंफुलकें खाणें घरून न्यावें किंवा टाळावें, आणि पैसे मोजावयाचे ते भरल्या ताटासाठीं मोजावे.

हाच नियम पांच माणसांच्या कुटुंबास लावून पाहूं. नवराबायको, दोन मुलें आणि आजी. दुपारीं प्रत्येकानें शंभर रुपयांच्या लाह्या, ऐशीं रुपयांचें पेय आणि एकशें वीस रुपयांचें सँडविच घेतलें, तर माणशीं तीनशें याप्रमाणें पंधराशें रुपये झाले. आणि चार वाजतां मुलें पुन्हां "भूक लागली" म्हणून पदर ओढूं लागलीं. त्याऐवजीं अडीचशें रुपयांच्या चार थाळ्या घेतल्या, आजी आणि धाकटें मूल मिळून एक थाळी जेवलीं, तर हजार रुपयांत पांचही जणांचें पोट भरलें आणि पांचशें रुपये उरले. मात्र येथें एक गोष्ट आधीं विचारावी. थाळी ठराविक आहे कीं अमर्याद? अमर्याद थाळी वांटून खाऊं देत नाहींत, आणि तें योग्यही आहे. लहान मुलासाठीं वेगळा दर असतो काय, हेंही विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं; बिल आल्यावर हुज्जत घालण्यांत आहे.

यावरून पैशाचें मोल देणारें खाणें ओळखण्याच्या तीन कसोट्या सांगतां येतात. पहिली, तें पोटांत किती वेळ टिकतें. दुसरी, तें किती जणांत वांटतां येतें. तिसरी, तें हातीं येण्यास किती वेळ लागतो. जत्रेंत या कसोट्या लावून पहा. भेळ बशीवर मिळते. तीन घांसांत संपते. भजीं आणि जिलबी पुष्कळ दुकानीं वजनावर मिळतात. पाव किलो गरम भजीं घ्यावीं, कागदावर मध्यें ठेवावीं आणि घरून आणलेल्या भाकरीबरोबर चौघांनीं खावीं, यासारखें स्वस्त आणि चवदार जेवण दसऱ्याच्या मैदानावर दुसरें नाहीं. भाकरी घरची, भजीं जत्रेचीं; पोटही भरतें आणि जत्रेंत कांहीं खाल्लें असें मुलांसही वाटतें. परत निघतांना फुटाणे, मुरमुरे, गोडी शेव आणि रेवड्या घ्याव्या. हा कोरडा खाऊ चार दिवस टिकतो आणि घरीं राहिलेल्यांच्या वांट्यासही येतो.

आतां तिसरी कसोटी, वेळाची. कुंपणाच्या उद्यानांत वेळ विकत घेतलेला असतो, हें आपण विसरतों. समजा, प्रवेशाचे माणशीं बाराशें रुपये दिले आणि आंत आठ तास मिळाले. म्हणजे माणशीं तासाला दीडशें रुपये पडले, आणि पांच जणांचे साडेसातशें. आतां वीस रुपये वाचावे म्हणून पांचही जण एका स्वस्त दुकानापुढें चाळीस मिनिटें रांगेंत उभे राहिले, तर तो उभा राहण्याचा खर्चच पांचशें रुपये झाला. रांगेंत एकानेंच उभें राहावें, बाकीच्यांनीं सावलींत बसावें. याहून उत्तम म्हणजे जेवणाची वेळच बदलावी. एक ते अडीच या वेळांत सारें जग जेवतें. आपण साडेअकरा-बारास जेवावें किंवा तीन वाजतां. जोराचे, उलटेसुलटे फिरविणारे खेळ जेवणापूर्वीं उरकून घ्यावे. जेवणानंतर बसून पाहावयाचे खेळ पाहावे. भरल्या पोटीं गरगर फिरलेल्या मुलास ओकारी होते, आणि मग महाग जेवणही वायां जातें.

घरून काय न्यावें, याविषयीं मराठवाड्यांतील गृहिणीस सांगणें म्हणजे गुरूस धडा देण्यासारखें आहे. तरीही एक उजळणी करतों. ज्वारीच्या पिठांत थोडी कणीक, बेसन, तीळ, लसूण, तिखट आणि आपल्या वसमतची हळद घालून केलेले धपाटे दिवसभर चांगले राहतात. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासासाठींच जन्मास आल्या आहेत. शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी, तेलावर परतलेली सुकी भाजी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा एवढें पुरे. भात, दही, ओल्या नारळाची चटणी आणि रस्सा ऊन्हाच्या दिवशीं नेऊं नये. डब्यांत कोंडून चार तास उबेंत राहिलेला भात दिसावयास चांगला दिसला तरी पोटास चांगला नसतो. पाणी माणशीं निदान दीड लिटर धरावें, आणि एका पुडींत मीठ-साखर व दोन लिंबें असावीं. बाहेरच्या तीन गोड पेयांचें काम तीं दोन लिंबें करतात.

मात्र बहुतेक कुंपणाच्या उद्यानांत बाहेरचें खाणें आंत नेऊं देत नाहींत. तान्ह्या मुलाचें दूध-खिमटी, औषध, पथ्याचें खाणें यांस बहुधा मोकळीक असते; तरी निघण्यापूर्वीं दूरध्वनीवर विचारून घ्यावें. मग शिदोरीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. रात्रभर प्रवास करून पोहोंचलेल्या कुटुंबानें फाटकापाशीं जाण्याआधीं सावली पाहून बसावें आणि पोटभर न्याहारी करावी. सकाळीं साडेनवास धपाटे खाऊन आंत गेलेलें मूल अकरा वाजतां लाह्यांच्या गाडीकडे पाहात नाहीं. आंत एकच जेवण घ्यावें. संध्याकाळीं बाहेर पडल्यावर उरलेल्या दशम्या आणि लाडू गाडींत खावे. म्हणजे दिवसाच्या तीन खाण्यांपैकीं दोन घरचीं झालीं आणि कुंपणाचा कर एकदांच भरला. कांहीं ठिकाणीं हातावर शिक्का मारून दुपारीं बाहेर जाऊन परत येऊं देतात. तशी सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा, पण ती आहे असें गृहीत धरूं नये.

ग्राहकानें कायद्याचीं चार अक्षरेंही जाणावीं. बंद पाकिटावर किंवा बाटलीवर जी कमाल किंमत छापलेली असते, तिच्याहून जास्त पैसे दुकानांत मागतां येत नाहींत. एकाच वस्तूवर एका ठिकाणीं एक आणि दुसऱ्या ठिकाणीं दुसरी किंमत छापण्याचा प्रकार पूर्वीं चाले. तो १ जानेवारी २०१८ पासून नियमानें बंद केलेला आहे. परंतु १२ डिसेंबर २०१७ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें आहे कीं, हॉटेलांत बसवून वाढलेल्या पाण्याच्या बाटलीस हा दंडक लागत नाहीं. कारण तेथें बाटलीबरोबर जागा आणि सेवाही विकली जाते. म्हणून तीच बाटली टेबलावर मागविण्याऐवजीं विक्रीच्या खिडकीवर छापील किंमतीनें घ्यावी.

बाहेरचें खाणें रोखण्याविषयींही सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल जाणून घेण्यासारखा आहे. जानेवारी २०२३ मध्यें चित्रपटगृहांच्या प्रकरणांत न्यायालयानें ठरविलें कीं, खासगी जागेचा मालक बाहेरचे पदार्थ आणण्यास मनाई करूं शकतो. मात्र पिण्याचें स्वच्छ पाणी प्रेक्षकांस विनामूल्य मिळालें पाहिजे. हा निकाल चित्रपटगृहांपुरता असला तरी त्यामागील न्याय सहज समजण्यासारखा आहे. उद्यानांत गेल्याबरोबर प्रथम पिण्याच्या पाण्याची जागा कोठें आहे, तें विचारावें आणि रिकामी बाटली तेथें भरावी. तसेंच, हॉटेलच्या बिलांत सेवाशुल्क म्हणून जी रक्कम घालतात ती देणें न देणें ग्राहकाच्या इच्छेवर आहे, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढले, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें ते उचलून धरले. तक्रार करावयाची असल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. कांहीं ठिकाणीं आधीं पैसे भरून कार्ड घ्यावें लागतें आणि त्या कार्डावरच खाणें मिळतें. उरलेली रक्कम परत मिळते काय, कोठें मिळते आणि किती वाजेपर्यंत मिळते, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं विचारावे.

स्वस्ताईच्या मागें लागून आरोग्य गमावूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्यें तामिळनाडू सरकारनें म्हातारीचे केस या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. कारण तपासणींत तींत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळला. पुढील महिन्यांत कर्नाटकानें या मिठाईंत आणि गोबी मंचूरियनमध्यें कृत्रिम रंग घालण्यास मनाई केली. तेव्हां जो पदार्थ डोळ्यांस फारच गुलाबी किंवा फारच लाल दिसतो, तो मुलांस देऊं नये. पांढऱ्या साखरेचीच मिठाई मागावी. औंढ्याच्या यात्रेंत उपवासाचे पदार्थ असतात: साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळीं, केळीं. भगरीच्या पिठानें विषबाधा झाल्याच्या वार्ता उपवासाच्या दिवसांत मराठवाड्यांतून अधूनमधून येतात. भगरीवर बुरशी लवकर धरते, आणि पीठ करून ठेवलें कीं ती ओळखूं येत नाहीं. म्हणून तयार पीठ न घेतां भगर निवडून, धुऊन, घरींच दळावी. आणि यात्रेंत उपवास असेल तर केळीं, उकडलेलीं रताळीं, भाजलेले शेंगदाणे यांवर भागवावें. हे पदार्थ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक आहेत.

चांगलें दुकान कसें ओळखावें, याची एक खूण आपल्या परिसरांतच आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत लंगर चालतें. शेगांवास श्रीगजानन महाराज संस्थानांत महाप्रसाद मिळतो. दोन्हीं ठिकाणीं जेवण विनामूल्य आहे, आणि तें दानावर व सेवेकऱ्यांच्या श्रमावर चालतें. म्हणून त्यांची तुलना व्यापाराशीं करतां येणार नाहीं. पण त्यांच्या पाकशाळेंतील एक तत्त्व व्यापारासही लागू आहे. पदार्थ थोडे असतात, भांडीं मोठीं असतात, आणि शिजलेलें अन्न तत्काळ पानांत पडतें. त्यामुळें अन्न गरम राहतें, नासाडी होत नाहीं आणि रांग पुढें सरकते. जत्रेंत किंवा उद्यानांत ज्या दुकानाच्या फलकावर शंभर पदार्थांचीं नांवें आहेत, तेथें बहुतेक पदार्थ सकाळचे असतात किंवा उशीरा येतात. ज्याच्याकडे पुरी-भाजी, भजीं आणि चहा एवढेंच आहे आणि कढई सतत चालू आहे, तेथें बसावें. असें दुकान बहुधा फाटकाजवळ नसतें. पाळण्यांपासून थोडें दूर असतें. म्हणून आंत शिरल्यावर पहिल्या दुकानीं थांबूं नये. एक फेरी मारून मग ठरवावें.

मुलांच्या हट्टाविषयीं दोन शब्द. शाळेच्या सहली नेतांना अनेक वर्षें उपयोगी पडलेली युक्ति सांगतों. प्रत्येक मुलाच्या हातीं सकाळींच एक ठरलेली रक्कम द्यावी आणि सांगावें कीं, खाऊसाठीं एवढेच पैसे. काय घ्यावें, केव्हां घ्यावें, तें तूंच ठरव. ज्या मुलाला वडिलांच्या खिशाचा तळ दिसत नाहीं, तें दर दुकानापाशीं मागतें. ज्याच्या मुठींत स्वतःचे पन्नास रुपये आहेत, तें मात्र तीन दुकानें पाहतें, भाव विचारतें आणि शेवटीं कुल्फी घेतें. नाहीं म्हणण्याचा प्रसंग टळतो, आणि मुलाला अंकगणिताचा असा धडा मिळतो, जो फळ्यावर शिकवितां येत नाहीं.

आणि आतां मुख्य गोष्ट. घरून निघतांना खर्चाचा कागद करावा. त्यावर प्रवास, प्रवेश, मुलांचा खाऊ आणि दुपारचें जेवण असे चार रकाने पाडावे. जेवणाच्या रकान्यांत माणसें मोजतांना घरच्या बाईस प्रथम मोजावें. एवढें लिहिल्यावर बेरीज हाताबाहेर जात असेल, तर खाऊ कमी करावा, दूरच्या उद्यानाऐवजीं दसऱ्याच्या मैदानावर जावें, किंवा जाणें दोन महिने पुढें ढकलावें. पण तिच्या ताटावर काट मारूं नये. आंत गेल्यावर काय घ्यावयाचें, हें तिनें प्रथम सांगावें, आणि ताटें आलीं कीं पहिलें ताट तिच्यापुढें ठेवावें. आपल्या घरांत ती सर्वांस वाढून शेवटीं बसते. ही रीत घरीं बदलेल तेव्हां बदलो, पण जेथें वाढणारा दुसरा आहे आणि पैसे आपण मोजले आहेत, तेथें तरी तिला सर्वांबरोबर बसूं द्यावें.

मुलें पुढें मोठीं होतात. पाळणा किती उंच होता, हें तीं विसरतात. पण त्या दिवशीं आई आपल्याबरोबर जेवली कीं नुसती बघत बसली, हें त्यांच्या लक्षांत राहतें. श्रोतेहो, येत्या दसऱ्यास किंवा सुटींत आपण कोठें निघाल, तेव्हां हा कागद अवश्य करून पहा.